टॅक्सीतला टीव्ही बंद केला आणि ड्रायव्हर म्हणाला, थँक यू

जाईजुई

गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कात बऱ्याच वर्षांनी पिवळ्या टॅक्सीत बसले. एरवी मी सबवेवाली. फारच उशीर झाला तर फोनवरून गाडी मागवते. पण त्या दिवशी पाऊस धो धो, फोनची बॅटरी मेलेली, हातात दोन पिशव्या, आणि समोर चक्क दिवा लागलेली रिकामी टॅक्सी. बसले.

दार लावलं, मीटर सुरू झालं आणि गुडघ्यांसमोरच्या पडद्यावर एकदम हवामान, मग कुठल्यातरी टॉक शोचा तुकडा, मग जाहिरात. आवाज दणदणीत. माझा हात विचार न करता कोपऱ्यातल्या बंद करायच्या खुणेवर गेला. 2010-11 मध्ये ऑफिसच्या कामाने रोज टॅक्सी करायचे, तेव्हाची ही सवय. बारा-तेरा वर्षांत सगळं विसरले पण बोटाला आठवत होतं.

आवाज थांबला तसा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "थँक यू, सिस्टर." मी म्हटलं कशाबद्दल? टिप तर अजून दिली नव्हती. त्याने नुसती मान पडद्याकडे हलवली.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हा टीव्ही मुळात कुणी मागितला होता? माझ्या ओळखीत तरी एकही माणूस नाही जो तो आवडीने बघायचा. अपवाद आमच्या मातोश्रींचा. 2011 साली आल्या होत्या तेव्हा पडद्यावरच्या नकाशात गाडीचा ठिपका पुढे सरकताना बघत बसल्या होत्या. "हा सरळ नेतोय की फिरवून, ते कळतं गं," म्हणाल्या. दादरला टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालण्यात हयात गेलेली बाई, तिला तो नकाशा म्हणजे साक्षात न्यायाधीश वाटला.

तुमचे अनुभव सांगा. इथे कुणी आतली माहिती असलेलं असेल तर फारच उत्तम.

कोकणकडा

रुमाल टाकून ठेवतो. त्या टीव्हीची धून अजून कानात आहे.

साडेतीन शहाणा

बटण आहे ना? बंद करा, विषय संपला. यावर धागा?

जुनाजाणता

जाईजुई, पडद्याच्या आधीचीही एक पिढी आहे, ती तुम्हाला माहीत नसेल. मी 1998 साली पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेलो तेव्हा टॅक्सीत बसलं की प्रसिद्ध माणसांचा ध्वनिमुद्रित आवाज यायचा, सीट बेल्ट लावा म्हणून. 1997 साली सुरू केलं होतं ते. ऑपेरा गायक प्लॅसिडो डोमिंगो, यांकीज या बेसबॉल संघाचा मॅनेजर जो टोरी, असे एकेक. त्यातला अर्था किटचा आवाज मी विसरणं शक्य नाही. बॅटमॅन मालिकेत कॅटवुमन व्हायची ती. इथेही मांजरीसारखं गुरगुरून सांगायची की मांजरीला नऊ जन्म असतात, तुम्हाला एकच आहे. पहिल्या दिवशी मजा. चौथ्या दिवशी त्या मांजरीला पोत्यात घालून हडसन नदीपार सोडून यावंसं वाटलं. 2003 मध्ये बंद केलं एकदाचं.

म्हणजे एक आवाज 2003 ला गेला आणि चार-पाच वर्षांत त्याचा थोरला भाऊ चित्रासकट आला.

फलकवाला

जाहिरात धंद्यातला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर द्या.

टॅक्सीत बसलेला माणूस म्हणजे आमच्यासाठी सोन्याचं अंडं. खिशात पैसे आहेत हे टॅक्सीत बसल्यावरच सिद्ध झालं. दहा-पंधरा मिनिटं जागचा हलणार नाही. समोर दोन फुटांवर पडदा. रस्त्यावरच्या फलकाकडे माणूस तीन सेकंद बघतो, तेही गाडी सिग्नलला थांबली तर.

आणि हा टीव्ही एकटा आला नव्हता. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाने 2004 मध्ये भाडं वाढवलं, सरासरी 26 टक्के. मीटर पडतानाचे दोन डॉलर होते ते अडीच झाले. त्या बदल्यात अट घातली की गाडीत चार गोष्टी हव्यात: कार्डाने पैसे घ्यायचं यंत्र, जीपीएस, ड्रायव्हरला संदेश पाठवायची सोय आणि प्रवाशाला माहिती देणारा पडदा. चारही एकाच संचात. पडद्यावरच्या जाहिरातीतून संचाचा थोडाफार खर्च निघावा हा हिशेब. म्हणजे ग्राहकाला कार्ड हवं होतं, त्यासोबत टीव्ही गळ्यात पडला. लग्नात करवली येते तसा.

आता दैव बघा. अट घातली 2004 ला. तेव्हा खरंच वाटत होतं की मागे बसलेल्या माणसाला करमणूक हवी. गाड्यांत पडदे बसायला लागले 2007 मध्ये. आणि आयफोन बाजारात आला 2007 च्या जूनमध्ये! प्रवासी स्वतःचा पडदा स्वतःच खिशात घेऊन बसायला लागला. आमच्या धंद्यात याहून वाईट मुहूर्त मी पाहिलेला नाही.

कोकणकडा

करवली. हा हा. पण करवली दोन दिवसांनी परत जाते हो.

रात्रपाळी

बऱ्याच वर्षांपासून वाचनमात्र आहे. या धाग्यामुळे लिहायला बसलो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मी 2008 च्या शेवटापासून 2012 पर्यंत पिवळी टॅक्सी चालवली. मूळ सातारचा. इथे आलो तेव्हा मंदी, पदवी कागदावर, खिशात दमड्या नाहीत. हॅक लायसन्स, म्हणजे टॅक्सी चालवायचा परवाना, काढलं. नावाप्रमाणे रात्रपाळी करायचो, संध्याकाळी पाच ते पहाटे पाच. गाडी गॅरेजची, रोजची लीज भरायची. सुरुवातीलाच शंभराहून जास्त डॉलर अंगावर, मग पेट्रोल, मग आपली कमाई.

टीव्हीबद्दल सगळे प्रवाशाच्या बाजूने बोलतात. प्रवासी दहा मिनिटं ऐकतो. मी रात्री पंचवीस-तीस भाडी मारायचो. मीटर टाकलं की टीव्ही पहिल्यापासून सुरू. तीच धून, तोच विनोद, त्याच विनोदावर तेच हसणारे लोक. शनिवारी ऐकलेला विनोद सोमवारीही तोच. तो टॉक शोवाला श्वास कुठे घेतो ते मला पाठ झालं होतं. आणि बंद करायचं बटण मागे, ड्रायव्हर आणि प्रवाशामधल्या काचेच्या पार्टिशनच्या पलीकडे. माझ्या हातात काही नाही. गाडी मी चालवायची, आवाज तुम्ही बंद करायचा.

म्हणून तो ड्रायव्हर तुम्हाला थँक यू म्हणाला, जाईजुईताई. आम्ही सगळेच मनात म्हणायचो. काही प्रवासी बंद करायचे, काही आवाज कमी करायचे. सगळ्यात वाईट कोण? फोनवर बोलणारे. टीव्ही तसाच चालू, आणि त्यावर मात करायला ते आणखी मोठ्याने बोलणार. काचेच्या अलीकडे मी दोघांचंही ऐकतोय.

आमच्यातला एक बांगलादेशी भाई होता. त्याने स्पीकरच्या जाळीवर कापसाचा बोळा दाबून बसवला होता. तपासणीच्या आदल्या दिवशी काढायचा, दुसऱ्या दिवशी परत. त्याची गाडी मिळाली की त्या रात्री झोप चांगली लागायची.

जाईजुई

रात्रपाळीदादा, लिहीत राहा. मी इतकी वर्षं बंद करत होते ते फक्त माझ्यासाठी. पुढे त्या बिचाऱ्याला काय होत असेल हा विचारच शिवला नव्हता.

साडेतीन शहाणा

बरं, माझं वरचं वाक्य मागे घेतो. पण दादा, मग संप का नाही केला?

रात्रपाळी

केला होता. माझ्या आधी. 5 आणि 6 सप्टेंबर 2007, दोन दिवस. ऑक्टोबरात परत एक दिवस. न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्सने केलेला. त्यांच्या नेत्या भैरवी देसाई, जन्म गुजरातचा. त्यांनी स्वतः टॅक्सी कधी चालवलेली नाही, पण ड्रायव्हर लोक त्यांचं ऐकतात. सप्टेंबरच्या संपात यूएस ओपन टेनिस चालू होतं, म्हणून वेळ बरोबर साधली होती. शहराने त्या दोन दिवसांत मीटरऐवजी विभागवार भाडं ठरवून दिलं, एका गाडीत अनेक प्रवासी घ्यायला परवानगी दिली. सगळ्या संघटना एकत्र नव्हत्या, काही गाड्या फिरत होत्या. मागण्या मान्य झाल्या नाहीत.

पण लक्षात घ्या, संपाचा मुख्य राग टीव्हीवर नव्हता. राग होता जीपीएसवर, की आता आम्ही कुठे जातो ते सगळं नोंदलं जाणार. आणि कार्डावर. कार्डाने भाडं आलं की पाच टक्के ड्रायव्हरच्या खिशातून कापले जायचे. वीस डॉलरमागे एक डॉलर. रोख असेल तर पूर्ण वीस, तेही त्याच रात्री.

आता खरं सांगतो. "मशीन बिघडलंय, कॅश द्या" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. दर वेळी बिघडलेलं नसायचं. पहिले सहा महिने म्हटलं. मग बंद केलं, कारण माझ्या लक्षात आलं की कार्डावर टिप जास्त पडते. रोख देणारा सात डॉलर ऐंशीच्या भाड्याला नऊ द्यायचा, फार तर दहाची नोट टेकवून जायचा. कार्डवाल्याच्या समोर तो पडदा तीन बटणं ठेवायचा. माणूस हिशेब करत नाही, बटण दाबतो. ज्या पडद्याने माझं डोकं उठवलं त्यानेच माझं घरभाडं भरलं, हे नाही म्हटलं तर खोटं होईल.

विदाभट

रात्रपाळी, तुमच्या या शेवटच्या परिच्छेदावर लोकांनी शोधनिबंध लिहिलेत! पडदे पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या आणि त्यांची बटणं वेगळी होती. एका कंपनीच्या पडद्यावर 15 डॉलरच्या आतलं भाडं असेल तर 2, 3, 4 डॉलर अशी बटणं दिसायची आणि त्यावर गेलं की 20, 25, 30 टक्के. म्हणजे आठ डॉलरच्या भाड्याला सगळ्यात कंजूस बटण दाबलं तरी 25 टक्के टिप. शिवाय एक कंपनी टक्केवारी काढताना पुलाचा टोलही धरायची, दुसरी धरायची नाही. एकाच शहरात, एकाच रंगाच्या गाडीत, तेच 20 टक्क्यांचं बटण, आणि रक्कम वेगळी. कोणती टॅक्सी थांबते यावर तुमचं औदार्य ठरायचं.

हे सगळं मला कसं माहीत? मी उभ्या जन्मात न्यूयॉर्कला गेलेलो नाही. हिंजवडीत बसून ही विदा, म्हणजे डेटा, चाळली आहे. इथल्या ज्या कुणी डेटा सायन्सचा कोर्स केला असेल त्यांनी न्यूयॉर्क टॅक्सीच्या फेऱ्यांचा विदासंच हमखास हाताळला असणार. त्यात वेळेच्या रकान्याच्या नावात सुरुवातीला "टीपेप" अशी अक्षरं येतात, आठवतं? मी दोन वर्षं ते टाइप केलं, अर्थ माहीत नव्हता. तो या प्रकल्पाचाच संक्षेप आहे, टॅक्सी प्रवाशांची सोय वाढवायचा प्रकल्प. फलकवाल्यांनी सांगितलेला चार गोष्टींचा संच तो हाच. पहिला रकाना विक्रेत्याचा क्रमांक, तेव्हा 1 किंवा 2 असायचा, म्हणजे त्याच दोन कंपन्या. आणि टिपेच्या रकान्यात फक्त कार्डाची टिप असते, रोख टिप नोंदली जात नाही. आमच्या बॅचमधल्या एकाने "रोख देणारे लोक टिप देत नाहीत" असा निष्कर्ष काढून सादरीकरण केलं होतं. सरांनी विचारलं, रोख टिप यंत्राला कळणार कशी? पोरगं गप्प.

कोकणकडा

ती शांतता आमच्याही बॅचमध्ये झाली होती. तो पोरगा मीच.

रात्रपाळी

विदाभट, म्हणजे माझ्या रात्री तुमच्या एक्सेलमध्ये आहेत.

विदाभट

एक्सेलमध्ये मावत नाहीत दादा. 2013 या एका वर्षाच्याच 17 कोटी 30 लाख फेऱ्या आहेत. 2014 मध्ये एकाने माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली अर्ज करून त्या मिळवल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यात गाडीचा आणि ड्रायव्हरचा नंबर झाकलेला होता, पण झाकण कच्चं. नंबरांची ठेवण ठरावीक, त्यामुळे शक्य असलेले सगळे नंबर त्याच पद्धतीने झाकून बघायचे आणि जुळवायचे. काही तासांत सगळे उघडे पडले. कोण ड्रायव्हर कुठल्या रात्री कुठे होता आणि त्याची कमाई किती, सगळं. तुम्ही 2012 ला सोडलंत म्हणून त्या वर्षात नाही.

आता चढल्या-उतरल्याचं अचूक ठिकाण देत नाहीत. 2016 च्या मध्यापासून नुसते विभाग देतात, सुमारे 260.

रात्रपाळी

म्हणजे 2007 चे संपवाले उगाच ओरडत नव्हते. आम्ही नवी पोरं त्यांना हसायचो. काय मोठे मंत्री लागून गेलात, तुमच्यावर कोण पाळत ठेवणार, असं म्हणायचो.

त्याचा झटका मला लवकरच बसला होता. 2010 चा मार्च. आयोगाने जीपीएसच्या नोंदी काढून जाहीर केलं की हजारो ड्रायव्हरांनी प्रवाशांना लुबाडलं, एकूण 83 लाख डॉलर. मीटरमध्ये 4 नंबरचा दर असतो, शहराबाहेर नासाऊ किंवा वेस्टचेस्टर काउंटीत गेलं की तो लावायचा, भाडं दुप्पट. तो शहरातच लावला असा आरोप. काहींनी खरंच लावला होता, पकडलेही गेले. पण काहींचं बोट चुकून पडलेलं, काहींनी सीमेच्या थोडं अलीकडे दाबलेलं. दोन महिन्यांनी आयोगानेच फेरमोजणी करून आकडा पुष्कळ खाली आणला. तोवर आमची बदनामी होऊन गेली होती. महिनाभर प्रत्येक प्रवासी बसल्या बसल्या मीटरकडे बघायचा. एका आजींनी मला विचारलं, "यू आर नॉट वन ऑफ देम, आर यू?" मी म्हटलं नाही आजी. त्यांनी उतरेपर्यंत पर्स घट्ट धरून ठेवली होती.

उपाय काय केला? 4 नंबरचा दर लावला की मागच्या पडद्यावर प्रवाशाला सूचना दिसणार. परत तोच पडदा. सगळा न्यायनिवाडा तिथेच. जाईजुईताईंच्या आईंनी बरोबर ओळखलं होतं.

टोक्योची सून

इथे टोक्योत टॅक्सीत बसलं की दार आपोआप बंद होतं, सीटवर पांढरी जाळीदार कव्हरं, ड्रायव्हर हातमोजे घातलेला, आणि पुढच्या सीटच्या मागे टॅब्लेट. जाहिराती कसल्या? हिशेबाचं सॉफ्टवेअर, कर्मचारी व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर, करार सांभाळायचं सॉफ्टवेअर! कारण टॅक्सीत साहेब लोक बसतात. मी भाजी घेऊन घरी चाललेय आणि समोरचा माणूस कमरेत वाकून मला सांगतोय की आपल्या कंपनीची बिलं अशी पाठवा.

2019 च्या सुमारास इथे गवगवा झाला होता की काही टॅब्लेट कॅमेऱ्याने चेहरा बघून बाई की पुरुष याचा अंदाज घेतात आणि तशी जाहिरात लावतात. मला तरीही बिलांचीच दाखवली. यावरून काय ते समजा.

पाचवा मजला

मुंबईकरांनी बेस्टमधले टीव्ही विसरलात का? ड्रायव्हरच्या मागे पिंजऱ्यात लटकलेला टीव्ही, खालून कंडक्टरची टिकटिक, बाहेर हॉर्न, आवाजातलं एक अक्षर कळायचं नाही. तरी अख्खी बस माना वर करून बघायची. आणि दादर-पुणे शिवनेरीत सिनेमा लागायचा, नेमका शेवटच्या मारामारीला वाकड आलं की उतरावं लागायचं. माझे कित्येक सिनेमे शेवटाविना राहिलेत.

पण काळ्यापिवळ्यात पडदा बसवायची कुणाची टाप नव्हती. पद्मिनीत डॅशबोर्डवर गणपती, छताला फुलाफुलांचं रेक्झिन, आणि मागच्या सीटवर बसलं की ड्रायव्हरशी थेट गप्पा. मध्ये काच कुठे होती पडदा लावायला?

फलकवाला

पाचवा मजला, तुम्ही सहज बोललात पण मुद्दा हाच आहे. न्यूयॉर्कचा टीव्ही त्या पार्टिशनवर उभा आहे. लुटालुटीपासून ड्रायव्हरचं रक्षण व्हावं म्हणून ती काच आली. काच आली म्हणजे प्रवाशासमोर भिंत आली. आणि भिंत दिसली की आमच्या लोकांना तिथे काहीतरी चिकटवल्याशिवाय राहवत नाही.

भारतात ओलाने 2016 मध्ये ओला प्ले म्हणून टॅब्लेटवाल्या गाड्या आणल्या होत्या, गाणी, व्हिडिओ वगैरे. एकदोनदा बसलो. शेजारचा माणूस स्वतःच्या फोनवर क्रिकेट बघत होता.

जाईजुई

मग न्यूयॉर्कमध्ये तो काढून टाकणार होते ना? तसं वाचल्याचं आठवतंय.

फलकवाला

2015 च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने प्रायोगिक तत्त्वावर काही गाड्यांतून टीव्ही काढायला मंजुरी दिली, त्याजागी साधं कार्ड घेणारं यंत्र. लोकांच्या तक्रारी होत्याच. पण तोपर्यंत गणितही फिरलं होतं. 2011 मध्ये उबर न्यूयॉर्कात आलं. त्यात पैसे फोनमधूनच जातात, पडद्याची गरज नाही, टीव्हीही नाही. पिवळ्या टॅक्सीने स्पर्धा कशात करायची, तर निदान शांततेत! आता काही गाड्यांत मोठा पडदा आहे, काहींत नुसतं यंत्र.

रात्रपाळी

मी सोडलं ते टीव्हीमुळे नाही, पाठीमुळे. 2013-14 मध्ये मेडॅलियन, म्हणजे पिवळ्या टॅक्सीचा मालकी परवाना, दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं, माझ्या दोन मित्रांनी कर्ज काढून घेतलं. पुढे किंमत कोसळली. त्यांचं काय झालं तो वेगळा धागा आहे, आज लिहायची ताकद नाही.

जाईजुई

कधी वाटलं तर जरूर लिहा दादा.

एक व्यवहारी प्रश्न. पुढच्या महिन्यात आई-बाबा जेएफके विमानतळावर उतरणार. रात्रीची वेळ. मला ऑफिसमुळे जाता येणार नाही. पिवळी टॅक्सी बरी की फोनवरून गाडी मागवू? भाऊ मॅनहॅटनमध्ये राहतो, पहिले त्याच्याकडे जातील, मग माझ्याकडे क्वीन्सला.

रात्रपाळी

पिवळी. रांगेतूनच घ्यायला सांगा. आत इमारतीत "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्यांकडे बघायचंही नाही. जेएफके ते मॅनहॅटन ठरलेलं भाडं आहे, 2022 च्या डिसेंबरपासून 70 डॉलर, वर टोल, अधिभार आणि टिप. मीटरवर "जेएफके" दिसलं पाहिजे. ठरलेलं भाडं असल्यामुळे फिरवून नेण्यात ड्रायव्हरचा काही फायदा नाही, उलट त्याचंच पेट्रोल जळतं, हे आईंना आवर्जून सांगा. भावाकडून तुमच्याकडे क्वीन्सला येतील तेव्हा मात्र मीटर.

जाईजुई

सांगितलं आईला. तिचं म्हणणं, ठरलेलं असलं तरी नकाशा चालू ठेवणार. मी म्हटलं ठेव, फक्त आवाज बंद कर. तर विचारते, "का, त्याला ऐकू येतं का पुढे?"

रात्रपाळी

येतं म्हणावं काकूंना.